लिटर दर लॉटला चौथ्या आठवड्यात ओलं होतंय? आधी ओल कुठे आहे ते पाहा

"भाऊ, लिटर वल्लं व्हयी गयं, आते काय करानं?"

पावसाळ्यात आणि थंडीत ब्रॉयलर कोंबड्या पाळणाऱ्यांचा असा फोन आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. लिटर म्हणजे शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेली भाताच्या तुसाची गादी, आणि लॉट म्हणजे एका वेळी वाढवलेली पक्ष्यांची खेप. मी विचारतो, कुठे ओलं झालंय? उत्तर ठरलेलं: "बठ्ठंच," म्हणजे सगळंच. मग मी सांगतो, वहीचं एक पान घे, शेडचा लांबट चौकोन काढ, खांब मांड, पाण्याच्या लाइनी ओढ, आणि शेडमधून चालत जाऊन जिथे जिथे ओल आहे तिथे पेन्सिलीने रेघोट्या मार. अर्ध्या तासाने पुन्हा फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा "बठ्ठंच" राहिलेलं नसतं. कुणाचा एक पट्टा निघतो, कुणाची एक बाजू, कुणाचा शेवटचा कोपरा. आणि ओलीचा आकार समजला की कारण जवळजवळ हातात आलेलं असतं.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण आमच्या शेडवर सलग तीन लॉट मी हे केलं नाही. जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा-अमळनेर पट्ट्यात आमचं ३० फूट रुंद, १८० फूट लांब शेड आहे, पाच हजारांच्या आतबाहेर पक्षी असतात. तीनही लॉटला २३-२४ व्या दिवसापासून लिटर दबायला लागलं, २८ व्या दिवशी केक झाला, म्हणजे दबून घट्ट ओला थर बसला, पक्ष्यांचे पाय काळे पडले. पहिल्यांदा खाद्याला दोष दिला. दुसऱ्यांदा पावसाला. तिसऱ्यांदा चुना मारला, आणि त्याने तर शेडमध्ये उभं राहता येईना. चौथ्या लॉटला आमच्या शेडवर राहणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, पूर्वेकडच्या टोकाला पक्षी बसतच नाहीत, सगळे अलीकडे गर्दी करतात." तेव्हा कुठे कागद घेतला. त्या टोकाचं काय निघालं ते पुढे सांगतो.

पाणी किती येतं ते आधी डोळ्यांसमोर आणा

चार-पाच आठवड्यांचा ब्रॉयलर दिवसाला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो आणि त्याच्या पावणेदोन ते दुप्पट पाणी पितो. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पाच हजार पक्ष्यांचे दिवसाला दीड हजार लिटर झाले. यातला थोडाच भाग अंगात राहतो, बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून शेडमध्ये उतरतं. म्हणजे शेडमधून रोज हजार लिटरहून अधिक पाणी हवेवाटे बाहेर गेलं पाहिजे. गेलं नाही तर ते तुसात बसणार. तूस म्हणजे काही विहीर नव्हे. ३ इंचांच्या गादीला आमच्या शेडमध्ये चार टनांच्या आसपास तूस लागतं. एवढ्याशा तुसाने किती पाणी पोटात घ्यावं? गादीचं काम पाणी थोडा वेळ धरून ठेवायचं आणि हवेला देऊन टाकायचं. हे देणं-घेणं बिघडलं की लिटर बिघडतं. म्हणून नुसतं नवीन तूस टाकत राहणं हा उपाय नाही, ती मुदतवाढ आहे.

ओल मोजायची कशी

अंदाजाने "जरा ओलसर वाटतंय" म्हणू नका. रोज शेडमध्ये जाणाऱ्या माणसाला फरक जाणवत नाही, हीच तर अडचण आहे.

सगळ्यात सोपी मुठीची परीक्षा. वरवरचं तूस उचलू नका, हात जमिनीपर्यंत घाला आणि सगळ्या थरांतून मूठभर घ्या. घट्ट दाबा, मूठ उघडा. बोटांमधून भुरभुर गळून गेलं आणि धूळ उडाली तर ओल २० टक्क्यांच्या खाली आहे. हलका गोळा झाला आणि बोट लावताच फुटला, तर २० ते ३० च्या दरम्यान आहे, हेच हवं. गोळा लाडवासारखा टिकून राहिला तर ३५ च्या पुढे गेलं असं धरा. हाताला चिकट ओल लागली तर परीक्षा संपली, फावडं घ्या.

हे एका जागी करून उपयोग नाही. किमान दहा जागा हव्यात: पाण्याच्या लाइनीखाली, दोन लाइनींच्या मध्ये, फीडरजवळ, दोन्ही लांब भिंतींलगत, दोन्ही टोकांना, दाराशी. दर आठवड्याला त्याच जागा. खांबांना नंबर टाकून ठेवा म्हणजे "पाचव्या खांबाजवळ" असं लिहिता येतं.

चालता चालता पायाने बघण्याचीही एक पद्धत आहे. युरोपात पक्ष्यांच्या कल्याणाच्या तपासणीत लिटरला ० ते ४ असे गुण देतात, मी तेच वापरतो. बुटाने सहज सरकणारं, कोरडं, मोकळं लिटर म्हणजे ०. कोरडं आहे पण पायाने सहज सरकत नाही, म्हणजे १. पायाचा ठसा उमटतो, गोळा होतो पण नीट टिकत नाही, ते २. बुटाला चिकटतं आणि गोळा चांगला होतो, ते ३. वरचा पापुद्रा फोडला की खाली बुटाला चिकटणारा लगदा लागतो, ते ४. नकाशावर शब्द लिहिण्यापेक्षा हे आकडे लिहा, पुढच्या आठवड्याशी ताडून बघता येतं.

आकडा पक्का हवा असेल तर वजन करा. दहा जागांचं लिटर एकत्र कालवून त्यातलं १०० ग्रॅम घ्यायचं. प्रयोगशाळेत ते १०५ अंशांना २४ तास वाळवतात आणि जेवढं वजन घटतं तेवढे टक्के ओल धरतात. १०० चे ७२ ग्रॅम उरले तर ओल २८ टक्के. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर पातळ पसरलं तरी दोन दिवसांत बरंचसं वाळतं. शेवटची थोडी ओल त्यात राहून जाते, म्हणून आकडा किंचित कमी येतो. पण दर वेळी तीच रीत ठेवली तर चढ-उतार खरा दिसतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. पावसाळ्यात जुना तवा चुलीवर मंद आचेवर ठेवा, हलवत राहा, करपू देऊ नका. घराच्या बाहेर करा, वास सहन होत नाही.

नाकावर मात्र फार विसंबू नका. अमोनियाचा वास माणसाला साधारण १० ते २० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) जाणवायला लागतो, पण शेडमध्ये दहा मिनिटं थांबलं की नाक मरतं. म्हणून वास घ्यायचा तो पहाटे, पडदे उघडण्याआधी, आत पाऊल टाकल्याबरोबर, आणि गुडघ्यावर बसून. आपलं नाक पाच फुटांवर असतं, कोंबडीचं सहा इंचांवर. २००७ च्या युरोपीय ब्रॉयलर नियमातही दाट पक्षी ठेवणाऱ्यांना घातलेली २० पीपीएमची मर्यादा कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवरच मोजायची आहे. अमोनिया तपासायच्या कागदी पट्ट्या मिळतात. बॅटरीत घालतात त्या शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्याचा थेंब टाकून पट्टी १५ सेकंद पक्ष्यांच्या उंचीवर धरा आणि रंग ताडा. पट्टी नसेल तर पक्ष्यांचे डोळे बघा. डोळे अर्धवट मिटलेले, पाणावलेले, पक्षी डोळा खांद्यावर घासतोय, हे दिसलं तर आकड्याची वाट पाहू नका.

आणि पाय. आठवड्याच्या वजनाला पक्षी धरताच तेव्हा त्यांना उलटं करून तळवे बघा. पन्नास पक्षी तरी. तळव्याच्या मधोमध तपकिरी डाग, मग काळी खपली, मग जखम, असा तो क्रम असतो. दुसऱ्या आठवड्यातच डाग दिसायला लागले तर लिटर तुम्हाला दिसतंय त्यापेक्षा आधीपासून खराब आहे. हाताला कळायच्या आधी ते पायाला कळतं. पायाला जखम झालेला पक्षी फीडरपर्यंत कमी जातो, बसून राहतो, मग छातीवर आणि गुडघ्याच्या सांध्यावर फोड येतात, एफसीआर (किलोभर वजनामागे लागणारं खाद्य) बिघडतो. लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी विक्रीला उचलण्याच्या दिवशी हिशेबात हे सगळं दिसतं, पण तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

लाइनीखाली सरळ पट्टा

नकाशावर पाण्याच्या लाइनीखाली लांब पट्टा आला तर खाद्य, हवा, आजार सगळं बाजूला ठेवा. पाणी सांडतंय.

निपल (पक्ष्याने पिन दाबली की पाणी देणाऱ्या तोट्या) असतील तर रात्री दिवे बंद झाल्यावर बॅटरी घेऊन लाइनीखालून चाला. पक्षी शांत असतात, थेंब ऐकू येतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे क्षुल्लक वाटतं, पण दिवसाला चार लिटरांच्या वर पाणी होतं. असे दहा निपल म्हणजे रोज चाळीस लिटर एकाच पट्ट्यात.

गळण्याचं आपल्या भागातलं मोठं कारण क्षार आहे. यावल-रावेर-चोपड्याच्या केळीवाल्यांना हे सांगायला नको. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसला की ते ॲसिड सोडून नळ्या मोकळ्या करतात. त्याच बोअरचं पाणी आपण निपलमध्ये सोडतो. पिनेच्या बुडाशी क्षाराचा बारीक कण अडकला की पिन पूर्ण बसत नाही आणि थेंब थांबत नाही. शेड रिकामं असताना सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने लाइन भिजवून जोरात फ्लश करायची, आणि पक्षी असताना आठवड्यातून एकदा नुसत्या पाण्याने फ्लश करायची. टाकीतून येणाऱ्या पाण्याला फिल्टर हवाच. औषध किंवा गूळपाणी दिल्यानंतर फ्लश केलं नाही तर आत शेवाळासारखा थर धरतो, त्यानेही पिना अडकतात.

उंची ही दुसरी गोष्ट. पहिल्या दिवशी पिन पिल्लाच्या डोळ्यासमोर हवी. नंतर पक्ष्याने पाय टेकवूनच मान वर ताणून प्यायला हवं. मान वाकडी करून, बाजूने चोच मारत असेल तर अर्धं पाणी गळतं. पक्षी रोज वाढतो, लाइन आठवड्यातून एकदा वर गेली तर मधले चार दिवस पाणी सांडतच राहतं. गोल ड्रिंकर असतील तर काठ पक्ष्याच्या पाठीइतका वर हवा आणि थाळीत मोठ्या पक्ष्याला दीड-दोन सेंटीमीटर पाणी पुरे. काठोकाठ भरलेला ड्रिंकर पाहिला की मला पुढचं चित्र दिसतं.

आता पूर्वेच्या टोकाची गोष्ट. धुऊन पाणी जावं म्हणून आमच्या शेडला पूर्वेकडे उतार दिला होता, १८० फुटांत सहा इंच. जमिनीपासून उंची सारखी राहावी म्हणून पाण्याची लाइनही त्याच उताराने बांधलेली. पाण्याच्या लाइनीत एक सेंटीमीटर खाली उतरलं की दाब एक सेंटीमीटरने वाढतो. लाइनीच्या सुरुवातीला दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरकडे दाब १५ सेंटीमीटर ठेवला तर शेवटच्या टोकाला तो ३० झाला. मी दोन्ही टोकांना बाटली धरून मिनिटभर पिन दाबून पाणी मोजलं. पश्चिमेला ५० मिलीच्या जवळ, पूर्वेला ७० च्या. निपलचा प्रवाह ठरवायचा या धंद्यात एक साधा हिशेब आहे: पक्ष्याचं वय आठवड्यांत घ्या, ७ ने गुणा, २० मिळवा, तेवढे मिली मिनिटाला. चार आठवड्यांना ४८. म्हणजे अलीकडे बरोबर होतं आणि पलीकडे रोज दीडपट. मी दाब नेहमी रेग्युलेटरजवळच बघत होतो, तिथे तो बरोबरच होता. लाइनीच्या मध्यावर उताराचा रेग्युलेटर बसवला. पुढच्या लॉटला पूर्वेचं टोक २८ व्या दिवशी १ गुणावर होतं. तीन लॉटचं नुकसान एका बाटलीने आणि मिनिटभराच्या मोजणीने वाचलं असतं. ताईंचं म्हणणं आधी ऐकलं असतं तरी वाचलं असतं.

एका भिंतीलगत, किंवा खालून

पश्चिम किंवा दक्षिणेच्या भिंतीलगत ओल आणि तीही पावसाळ्यातच, हे कोड्यात टाकणारं नाही. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी हे सगळे सांगतात, तरी जागेप्रमाणे उत्तर-दक्षिण बांधलेली शेडं खूप आहेत आणि त्यांची अख्खी लांब बाजू पावसाला तोंड देते. पत्रा तीन-चार फूट बाहेर आलेला हवा. नसेल तर शेडनेटचा झुकता पट्टा बांधून घ्या. पडदा लावताना त्याचं खालचं टोक बुटक्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूने आलं पाहिजे. आतून असेल तर पडद्यावरून ओघळणारं सगळं पाणी तुम्हीच गादीत आणून सोडता.

खालून येणारी ओल ओळखणं अवघड, कारण ती वरून दिसत नाही. काळ्या जमिनीत बांधलेल्या, जोतं पुरेसं न उचललेल्या शेडमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये ती चढते. शंका असेल तर रिकाम्या शेडमध्ये स्वच्छ कोरड्या जमिनीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा ठेवा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, दुसऱ्या दिवशी सकाळी उचला. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब धरले असतील किंवा जमीन काळसर झाली असेल तर पाणी जमिनीतून येतंय. तिथे कितीही तूस टाका, खालचा थर सडतच राहणार. चारही बाजूंनी चर काढून पाणी दूर न्या. पुढच्या उन्हाळ्यात जोतं किंवा कोबा बघा. बांधकामाच्या वेळी जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेलं जोतं हा खर्च वाटतो, पण तो एकदाच होतो.

खरोखरच सगळीकडे, सारखी

आता "बठ्ठंच" म्हणणाऱ्यांकडे येऊ. नकाशा सारखा भरला, पट्टा नाही, कोपरा नाही, तर कारण पक्ष्याच्या पोटात किंवा हवेत आहे.

पोटाचं आधी. ताजी विष्ठा बघा. पक्षी पांढरी टोपी असलेली, आकार धरणारी विष्ठा टाकत असेल आणि तरी लिटर ओलं असेल तर पोट ठीक आहे, हवेकडे वळा. विष्ठा पाण्यासारखी, तांबूस, फेसाळ किंवा न पचलेल्या मक्याचे कण घेऊन येणारी असेल तर पोटात काहीतरी आहे. स्वतः खाद्य बनवणारे आपल्याकडे बरेच आहेत, मका घरचाच असतो. त्यांनी मिठाकडे लक्ष द्यावं. मीठ, खायचा सोडा आणि खारवलेल्या मासळीची भुकटी तिन्ही वेगवेगळ्या पोत्यांतून येतात आणि तिघांतलंही सोडियम एकत्र मोजायचं असतं, हे विसरलं जातं. सोडियम वाढलं की पक्षी पाणी पीत सुटतो. खवट तेलाने किंवा चरबीने लिटर तेलकट, चकचकीत दिसतं. ते पाण्याने ओलं झालेल्या लिटरपेक्षा वेगळं असतं, बोटांवर चोळलं की कळतं.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात तांबूस विष्ठा दिसली तर रक्ती हगवण आधी मनात यावी. इथे एक दुष्टचक्र आहे. या रोगाच्या अंडपेशी विष्ठेतून बाहेर पडतात आणि ऊब, ओल व हवा मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्ग करायच्या स्थितीत येतात. ओलं लिटर त्यांना वाढवतं, त्या पक्ष्याला हगवण लावतात, हगवण लिटर आणखी ओलं करते. म्हणून औषधाच्या बाटलीकडे हात नेण्याआधी दोन ताजे मेलेले पक्षी पशुवैद्यकाकडे न्या आणि शवविच्छेदन करून घ्या. आतडं उघडल्यावर दोन मिनिटांत कळतं ते अंदाजाने आठवडाभर कळत नाही. मरतूक एकदम वाढली तर तो लिटरचा प्रश्नच नाही, पशुसंवर्धन विभागाला त्याच दिवशी कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापुरात सापडला होता, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको.

थंडीत पडदे बंद, आणि पहाटे लिटर ओलं

हे मी सगळ्यात जास्त वेळा समजावून सांगतो, आणि सगळ्यात कमी पटतं.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री कडक पडतात, धुळ्याचा पारा १० च्या खाली जातो. पिल्लांना थंडी लागू नये म्हणून पडदे जमिनीपासून पत्र्यापर्यंत घट्ट लावले जातात. पहाटे पत्र्याच्या आतून थेंब टपकतात, लिटर वरून ओलसर होतं, वास डोळ्यांत जातो. मालक म्हणतो, बाहेर दव पडलंय, हवा दमट आहे, पडदा उघडला तर आणखी ओल येईल.

हे उलटं आहे. १० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा आत येऊन २५ अंशांची झाली की तिच्यात २३ ग्रॅम मावतं. म्हणजे दवाने भिजलेली म्हणून जी हवा आपण अडवतो, ती आत येऊन तापली की कोरड्या फडक्यासारखी होते. दर घनमीटर हवा १३ ग्रॅम पाणी टिपून बाहेर नेऊ शकते. वर म्हटलं ते हजार लिटर बाहेर न्यायचे तर दिवसाला पाऊण लाख घनमीटर हवा लागते. आमच्या शेडच्या पोटात दीड हजार घनमीटर हवा मावते. म्हणजे रात्रंदिवस दर तासाला दोनदा अख्खी हवा बदलली पाहिजे, आणि ही कमीत कमी झाली. पडदे घट्ट बंद ठेवून बारा तास काढले तर त्या बारा तासांचं पाणी लिटरमध्येच राहणार.

उपाय पडदा काढून टाकणं हा नाही. पडदा खाली पक्का बांधा आणि वरून उघडा. वर फूट-दीड फूट फट दोन्ही बाजूंना रात्रभर राहू द्या. गार हवा वरून आत येते, पत्र्याखालच्या उबदार हवेत मिसळते आणि मग पक्ष्यांपर्यंत पोचते, झोत अंगावर बसत नाही. ज्यांचे पडदे वर बांधलेले आणि खालून गुंडाळून उचलायचे आहेत, त्यांची गार हवा थेट पिल्लांवर येते, म्हणून ते उघडायला घाबरतात. त्यांनी या उन्हाळ्यात पडदे उलटे करून घ्यावेत. दोर-पुल्या बदलण्याचाच काय तो खर्च. ब्रूडिंगच्या, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देण्याच्या दिवसांतही वरची चार बोटं फट हवीच. बुखारी (शेड तापवायची शेगडी) पेटवत असाल तर जास्तच हवी, कारण जळण जळतानाही बाष्प आणि धूर सुटतो.

आज ओलं आहे, आज काय करायचं

केक झालेला भाग फावड्याने उचलून पोत्यात भरून बाहेर काढा. तो दाताळ्याने फोडून आत मिसळू नका, खालचा अमोनिया एकदम वर येतो आणि चांगलं लिटरही ओलं होतं. काढलेल्या जागी कोरडं तूस टाका. हे करताना आणि दाताळं फिरवताना पडदे उघडे हवेत, वेळ उन्हाची हवी. केक होण्याआधी, दोन-अडीच आठवड्यांपासून, एक दिवसाआड दाताळं फिरवलं तर फावडं लागतच नाही.

चुना टाकू नका. पक्षी असताना तरी नाहीच. यात माझं मत ठाम आहे, कारण मी ते भोगलंय. विष्ठेतल्या युरिक ॲसिडचे जिवाणू तुकडे करतात आणि अमोनिया तयार होतो. लिटर आम्लाकडे झुकलेलं असेल तर तो बराचसा आतच बांधून राहतो, सामू (पीएच) ७ च्या वर जाऊन ८ कडे सरकला की हवेत सुटतो. चुना सामू एकदम वर नेतो. चुना थोडी ओल टिपतो हे खरं, पण त्या बदल्यात साठलेला सगळा अमोनिया शेडमध्ये सोडतो. युरियात चुना मिसळू नये हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, इथे तेच घडतं. चुन्याची जागा धुतलेल्या रिकाम्या शेडच्या जमिनीवर आणि भिंतींवर. लिटरमध्ये काही टाकायचंच तर आम्ल बाजूचं, जसं सुपर फॉस्फेट, आणि तेही पशुवैद्यकाला प्रमाण विचारून.

फॉगर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारी नळी) आणि ओली गोणपाटं वापरणाऱ्यांसाठी एवढंच: मेमध्ये ४४-४५ अंशांत ती लागतातच, पण संध्याकाळी हवा थंडावली की बंद करा. जूनच्या पहिल्या सरीनंतरही जुन्या सवयीने चालू राहिलेले फॉगर मी पाहिले आहेत. आणि एप्रिलमध्ये लिटर १५ टक्क्यांवर येऊन धूळ उडत असेल, पक्षी शिंकत असतील, तर तीही तक्रारच आहे. तेव्हा थोडी फवारणी चालते.

तूस घेताना

पावसाळ्याचं तूस जानेवारी-फेब्रुवारीत घ्या, जुलैत गिरणीच्या अंगणात भिजत पडलेलं नव्हे. नवापूरकडून, गुजरातच्या बाजूने भात गिरण्यांचं तूस येतं, ते हलकं, मोकळं, लवकर वाळणारं असतं. पोत्यात हात घालून गरम लागलं, काळे गोळे निघाले, कुबट वास आला तर गाडी परत पाठवा. त्या बुरशीने पहिल्याच आठवड्यात पिल्लांची फुप्फुसं धरतात आणि त्याला औषध नाही. लाकडाचा बारीक भुसा पिल्लं खातात, रंध्याची जाड कातरण चालते. भुईमुगाची टरफलं पूर्ण कोरडी असतील तरच. केळीचा पाला, खुंट कुणी सुचवला तर नको म्हणा, तो स्वतःच पाणी आहे. दुसऱ्या फार्मवरून रिकामी पोती आणू नका, तूस आणणाऱ्या गाडीची चाकं फवारून घ्या.

खोली थंडीत ३ ते ४ इंच, उन्हाळ्यात २ ते ३. पक्ष्यामागे एक चौरस फुटापेक्षा कमी जागा दिली तर वरचं सगळं करूनही पाचव्या आठवड्यात लिटर हरतं. पिल्लं पुरवणाऱ्या कंपनीची गाडी दोनशे पिल्लं जास्त उतरवत असेल तर तेव्हाच बोला.

लॉट निघाल्यावर नकाशाची पानं फेकू नका, शेडच्या दारामागे खिळ्याला अडकवा. आमच्याकडे अकरा लॉटची आहेत. उत्तरेच्या भिंतीशी सहाव्या खांबाजवळ अजून दर पावसाळ्यात २ गुण येतात, पश्चिमेला नाही. यंदा मेमध्ये तिथे प्लास्टिक चिकटवून ठेवलं, खालची बाजू कोरडी निघाली. पण मेमधलं कोरडेपण खात्रीचं नाही. आता ऑगस्टमध्ये लॉट निघून शेड रिकामं झालं की त्याच जागी पुन्हा लावणार आहे.